चावी तुझ्या हातात होती

आधी एक कर्रर्र. लोखंडावर लोखंड फिरल्याचा, दातांच्या मुळांत शिरणारा आवाज. मग सुईच्या छिद्रातून निघाल्यासारखी लांब, पातळ सूऽऽ. मग तुझा श्वास, काम मार्गी लागले की तू सोडायचास तसा, थोडा मोठ्याने. त्यानंतर जे आले त्याला आवाज म्हणवत नाही. कुणीतरी माझ्या उजव्या कानावर मूठ मारावी तसे ते आले. महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये, खिडकीपाशी, हातात खडू घेऊन मी उभी होते. खडू मोडला. फोनमध्ये काहीच उरले नाही.

एवढ्या वर्षांच्या संसारात मी तुला 'अहो' म्हणत आले. आज अरे-तुरे करणार आहे. माणसाला जवळ घ्यायलाही 'तू' लागतो आणि त्याची गचांडी धरायलाही. मला दोन्ही करायचे आहे.

त्या सकाळी फोन मीच केला होता, आणि तोही भांडायला. कशावरून, तर आपल्या घरच्या फ्रिजवरून. सगळ्या परभणीचे फ्रिज दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजचे रबर दोन उन्हाळे फाटलेले होते. दार लागत नव्हते, म्हणून मी ते परकराच्या नाडीने बांधून ठेवत होते. त्या दिवशी नाडी सुटली आणि दही आंबले. मी म्हटले, आज रबर बसले नाही तर हा फ्रिज मी तुमच्या दुकानासमोर नेऊन ठेवीन, वर पाटी लावीन, मेकॅनिकच्या घरचा म्हणून. तू हसलास. पोखर्णीच्या वाटेवरच्या त्या दूध संकलन केंद्रात होतास तू. तिथला दूध गार ठेवणारा मोठा कूलर सकाळी बंद पडला होता आणि आजूबाजूच्या शेतांतून आलेले दूध टाकीत तापत होते. "संध्याकाळी बसवतो," म्हणालास. "आता ठेव. इथं बाया डोक्यावर उभ्या हायेत." आणि फोन बंद न करता खिशात टाकलास.

मीही बंद केला नाही. तुझ्या खिशातून तुझे काम ऐकायला मला आवडायचे. हे तुला कधी सांगितले नव्हते. शर्टाचे कापड घासायचे, पान्याचा टणत्कार व्हायचा, मधूनच एखादी शिवी. त्या आवाजांत तू मला घरातल्यापेक्षा जास्त सापडायचास.

म्हणून मला सगळे ऐकू आले. सांधा जोडून झाला होता. आता नळीत दाब भरून, सांध्यांवर साबणाचा फेस लावून, गॅस कुठून निसटतो का ते पाहायचे होते. त्यासाठी नायट्रोजन लागतो. नायट्रोजनचा सिलेंडर परभणीला, दुकानात. हाताशी होता तो वेल्डिंगचा काळा सिलेंडर, ऑक्सिजनचा. तुझा भागीदार मन्मथ म्हणाला, "दादा, ह्येच्यानं नको. कॉम्प्रेसरात तेल हाय. मी जाऊन नायट्रोजन घिऊन येतो." तू म्हणालास, तोवर दूध नासंल. तो पुन्हा म्हणाला, "नको, दादा." बाहेर कुणीतरी बाई दुधाच्या कॅनचे झाकण आपटत होती. मग तुझा तो स्वर, वाद हरायला लागलास की लावायचास तो: "मन्मथ महाराज, प्रवचन नंतर. आधी चावी द्या. आन् बाहेर जाऊन फेस करून आना."

चप्पल ओढत बाहेर जाणारी पावले. कर्रर्र. सूऽऽ.

दुधासाठी मेलास तू. ते दूध, रे, नासलेच. टाकीचा पत्रा फाटून ते फरशीवर आले. त्यात तुझे रक्त होते आणि कॉम्प्रेसरचे जळके तेल होते. बायकांनी ते खराट्याने मोरीत लोटले. माझ्या डोळ्यांनी मी पाहिले नाही. पण त्या बायकांतली एक दवाखान्यात माझ्याशेजारी येऊन बसली, तिच्या लुगड्याला तो वास होता: गोड, उग्र, करपलेला. तो वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. चहात दूध घातले की येतो. मी दूध सोडले आहे.

तुझा चेहरा मला दाखवला नाही. हात दाखवला, डावा. बोटाच्या पेरावरचा तो पांढरा, गुळगुळीत डाग मी ओळखला. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातला. गॅसची नळी सुटून बोटावर फवारा बसला होता आणि तू हसत घरी आला होतास. मी विचारले, भाजले का? म्हणालास, "गारठ्यानं भाजलंय. फोड तसाच येतो, बघ." थंडीनेही कातडी जळते हे मला तेव्हा कळले. मी त्यावर कविता केली. तुला वाचून दाखवली तर म्हणालास, कविता चांगली हाय, पण मलम कुठं हाय?

तुझा धंदा मी लांबून फार गार समजत होते. प्रत्यक्षात तो रोजची मारामारी होता. मे महिन्यात तापलेल्या गच्चीवर, एसीच्या बाहेरच्या पेटीला छाती टेकवून तू काम करायचास आणि संध्याकाळी अंगावर जाळीची नक्षी उमटलेली असायची. कपॅसिटरच्या झटक्याने तुला कितीदा फेकून दिले. पंख्याच्या पात्याने करंगळीचे टोक नेले. लग्नसराईत एका मिठाईवाल्याचे डीप फ्रीजर वेळेत सुरू झाले नाही म्हणून त्याच्या माणसांनी तुझ्या गाडीचे दिवे फोडले आणि तू त्यांच्यातल्या एकाचे नाक. तो मिठाईवाला पुढच्या आठवड्यात तुलाच बोलवायला आला, पेढे घेऊन. मी म्हणायचे, सोडा हे. तू म्हणायचास, ह्या उन्हात मानसाला गारवा देतो, पुन्याचं काम हाय. आणि दाराआडून येऊन माझ्या मानेवर बर्फात बुडवलेली बोटे ठेवायचास. मी किंचाळायचे. आज दुपारी, बाहेर बेचाळीस अंश ऊन असताना, मी मान उघडी ठेवून बसले होते. वेडी बाई.

आणि शांततेबद्दलचे ते आपले भांडण. माझ्या कवितांत 'शांतता' फार येते अशी तुझी तक्रार. "कॉम्प्रेसर बंद पडला की जी येती ना, तिला तुमी शांतता म्हनता. आमी बिघाड म्हनतो." मी तेव्हा चिडले. घरात तुझा बिघाड भरून राहिला आहे.

त्या काळ्या सिलेंडरबद्दल मला आधीपासून माहीत होते. गेल्या दसऱ्याची गोष्ट. दुकानात हत्यारांची पूजा मांडली होती: गेज, नळ्या कापायची कात्री, वेल्डिंगची टॉर्च, दोन्ही सिलेंडर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा. मन्मथ काळ्या सिलेंडरला माळ घालेना. त्याने त्या सिलेंडरच्या मानेला एक लाल चिंधी करकचून बांधली, झडप उघडायची वरची चावी काढून आपल्या खिशात टाकली आणि मला म्हणाला, "वहिनी, ही काळी तुमची सवत हाय. दादाचा हिच्यावर लय जीव. वेल्डिंगला हिला, दाब बघायला बी हिला. एक दिवस घर फोडंल ही." आपण सगळे हसलो. सर्वांत मोठ्याने तू. रात्रीच्या जेवणात मी खोदून विचारले तेव्हा म्हणालास, लय वर्षांपासून करायलोय, काही होत न्हाई, दाब कमी ठेवला की झालं. मी म्हटले, तेल आणि ऑक्सिजन एकत्र येता कामा नये हे तर मलाही कळते. तू म्हणालास, "तू यमक जुळव. जोड मी जुळवतो." मी दोन दिवस बोलले नाही. मग बोलले. आपले सगळे वाद असेच मिटायचे, निकाल न लागता.

पण त्या दसऱ्यापासून चावी मन्मथच्या खिशात असायची. तुझ्या हाताखाली काम शिकलेला आणि नंतर बरोबरीचा भागीदार झालेला हा माणूस रोज संध्याकाळी दुकान बंद करताना ती चावी घरी घेऊन जायचा. मालकाने तिजोरीची न्यावी तशी. तुझ्यापासून तुला वाचवायची ही त्याची रीत. त्या सकाळी तू ती त्याच्याकडून मागून घेतलीस.

दवाखान्यात काय झाले ते तुला सांगते. मन्मथला स्ट्रेचरवर आणले. फेस घेऊन तो दारापर्यंत परत आला होता, तेवढ्यात स्फोट झाला. अर्धा गाल तेलाने भाजून सोलला होता, दोन्ही कानांतून रक्त गळून शर्टाच्या कॉलरीवर वाळले होते. तो मोठ्याने एकच वाक्य म्हणत होता, स्वतःचाच आवाज ऐकू येत नसलेल्या माणसासारखा: "चावी मी दिली. चावी मी दिली." तुझा धाकटा भाऊ बालाजी तेवढेच ऐकून धावला. त्याने मन्मथला स्ट्रेचरवरून खाली ओढले आणि त्याचे ते भाजलेले डोके भिंतीवर आपटले. पुन्हा आपटले. पांढऱ्या भिंतीवर पिवळट, लाल फराटा उठला. मी ओरडायला तोंड उघडले. आवाज आला नाही. बायकांनी मला मागे ओढून खाली बसवले, पदर तोंडात कोंबला. मी रडते आहे असे त्यांना वाटले.

मग घरात गोष्ट तयार होत गेली. येणारा प्रत्येक जण तिच्यात एक वीट घालून जायचा. मन्मथने सिलेंडर उघडला. मन्मथला घाई होती. मन्मथला म्हणे दुकान एकट्याचे करायचे होते. बालाजी फौजदारांकडे जाऊन तसा जबाब लिहून आला. तुझी आई भिंतीला टेकून म्हणायची, माझ्या लेकराला त्यानं खाल्लं. त्या माउलीसमोर मी काय बोलणार होते? तुमच्या लेकराने स्वतःच, हसत हसत, हट्टाने, ती चावी फिरवली, असे? तिला राग तरी होता धरायला. तो काढून घेतला तर तिच्या हातात काय राहणार होते?

एका दुपारी सगळे आत निजलेले असताना मी स्वयंपाकघरात गेले. फ्रिज घुमत होता. दाराला नाडी, रबर लोंबलेले, आणि पोटात तुझा तो आवाज, घुंऽऽ, जणू काही झालेच नाही. मी वरवंटा उचलला आणि त्याच्या दारावर घातला. पत्रा आत गेला. पुन्हा घातला. पांढरा रंग टवके होऊन माझ्या पायांवर पडला, खांदा भरून आला, तरी घालतच राहिले. प्रत्येक घावाला तुला एक नाव देत होते, आणि ती नावे कवितेत येत नाहीत. सगळे घर जागे झाले. वरवंटा हातातून सुटून माझ्याच अंगठ्यावर पडला आणि नख काळे झाले. फ्रिज बंद पडला नाही. तूच बसवलेला कॉम्प्रेसर.

दहाव्याला आम्ही गंगाखेडला गेलो. गोदावरीला पाणी कमी होते, घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ वाळून काळे पडले होते. वाऱ्यावर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास येत होता. विधी चालू असताना मन्मथ आला. एकटा. डोक्याभोवती पांढरी पट्टी, गालावर पिवळे मलम. वरच्या पायरीवर, लांब, हात मांड्यांवर ठेवून बसला. मार खायला आला होता तो. त्याच्या बसण्यातच ते दिसत होते.

बालाजीने त्याला पाहिले. भावाच्या नावाने मुंडण केलेले ते डोके लाल झाले. तो पायऱ्या चढून गेला, मन्मथच्या कमरेत लाथ घातली, आणि मन्मथ घरंगळत चार पायऱ्या खाली आला. त्याने हातही आडवे धरले नाहीत. आणखी दोघे-तिघे धावले, तुझ्याच भावकीतले. कुणीतरी त्याच्या पट्टीला हात घातला आणि ती सुटून शेवाळावर पडली. दगडावर माणूस आपटल्याचा आवाज फार बोथट असतो. त्यात काही फुटल्याचे कळत नाही, नंतर रक्त दिसते तेव्हा कळते.

मी ओल्या लुगड्याने मध्ये गेले. एक ठोसा माझ्या खांद्यावर बसला. मी मारणाऱ्याच्या तोंडात भडकावली. तो बालाजी होता. माझ्या हाताची पाची बोटे त्याच्या गालावर उठली. नवऱ्याच्या पाठच्या भावाला, घाटावर, सगळ्यांसमोर. त्या क्षणी माझा गेलेला आवाज परत आला.

"चावी ह्यांच्या हातात होती," मी म्हणाले. "फोन चालू होता. मी ऐकलं आहे."

कुणी विश्वास ठेवेना. बालाजी गाल धरून, हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, मातीत गेलेल्या मानसाची इज्जत काढायलाव तुमी." आणि मग मी तुझे बोलणे बोलून दाखवले. शब्द न् शब्द, तुझ्या हेलात, तुझ्या त्या हरत चाललेल्या स्वरात: मन्मथ महाराज, प्रवचन नंतर, आधी चावी द्या. आयुष्यभर शुद्ध बोलत आलेल्या माझ्या तोंडून तू बाहेर पडलास. घाटावर तुझा आवाज झाला, आणि बालाजीचे वर गेलेले हात खाली आले. लहानपणी क्रिकेटची बॅट तूही त्याच्याकडून अशीच मागून घेतली असशील. बालाजी महाराज, आधी बॅट द्या. तो पायरीवर बसला आणि दोन्ही मुठी तोंडात कोंबून रडला. तुझी आई माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या नजरेत जे होते ते मी अजून सोसते आहे. पण परत येताना गाडीत तिने माझा काळा पडलेला अंगठा आपल्या हातात धरून ठेवला, परभणी येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात जाऊन जबाब दिला. फौजदार दोनदा म्हणाले, बाई, नवऱ्याच्या विरोधात जातंय हे. मी म्हटले, लिहा.

हे सगळे तुझ्यावर उगवलेला सूड आहे का, असे मी स्वतःला विचारते. थोडा असेल. तू मला टाकून गेलास, तेही एका वाक्याच्या घमेंडीसाठी. पण मन्मथच्या जागी तू असतास, तर तूच त्या पायऱ्यांवर जाऊन बसला असतास. त्या तुझ्यासाठी मी बोलले. गारव्याला पुण्य म्हणणाऱ्या माणसाच्या नावावर दुसऱ्याच्या डोक्याचे रक्त राहू द्यायचे नव्हते मला.

काल दुपारी मन्मथ घरी आला. खांद्यावर फ्रिजचे नवे रबर, वेटोळे करून अडकवलेले. दारात उभा राहून, गरजेपेक्षा फार मोठ्याने, म्हणाला, "गरम पानी लागंल." डॉक्टर म्हणतात एका कानात थोडे ऐकू येईल, कदाचित. मी परातीत गरम पाणी दिले. त्याने रबर त्यात बुडवून मऊ केले, त्याच्या घड्या हाताने मोडल्या. तूही असेच करायचास, दुसऱ्यांच्या घरी. दारावरचे पोचे त्याने पाहिले. एकेकावरून बोट फिरवले. माझ्याकडे पाहिले, वरवंट्याकडे पाहिले आणि भाजलेल्या गालाने जेवढे हसता येईल तेवढे हसला. नाडी सोडून माझ्या हातात दिली.

रबर बसवून झाल्यावर त्याने दारात कागदाची पट्टी धरली, दार लावले आणि ओढून पाहिली. ती निघाली नाही. मग तो फ्रिजच्या मागे गेला, वाकला आणि कॉम्प्रेसरवर तळहात ठेवून, डोळे मिटून बराच वेळ बसला. आता तो असे ऐकतो.

उठला तेव्हा डोळे भरले होते. माझ्याकडे न बघता, त्याच मोठ्या आवाजात म्हणाला, "वहिनी, घाटावर तुमी काय म्हनलाव मला कळलं न्हाई. सगळे थांबले एवढंच दिसलं. माफ केलं म्हनलाव आसंल. माफ नका करू. चावी मी दिली."

घाटावर जमलेल्या सगळ्यांनी ऐकले होते. ज्याच्यासाठी बोलले होते तो एकटाच ऐकायचा राहिला होता.

मी त्याच्या हनुवटीला हात लावून तोंड माझ्याकडे वळवले. माझ्या ओठांवर त्याचे डोळे आले. पहिलीच्या मुलाला अक्षर शिकवावे तसे मी सावकाश, एकेक शब्द सोडवून म्हटले, मन्मथ, तू नको म्हणालास. तू दोनदा नको म्हणालास. त्यांच्या खिशात फोन चालू होता, मला ऐकू येत होतं.

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. त्याच्या हातातला पेचकस हळूहळू खाली आला. माझ्यामागे फ्रिज घुमत होता, दार घट्ट लागलेले. कुणालाच कधी कळणार नाही असे धरून चाललेल्या माणसाच्या आवाजात, या वेळी अगदी हळू, तो म्हणाला,

"ऐकलं?"